रिमोट हलवावा की बटणं दाबावीत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा, कमरेतून वाकता येईल तेवढाच, नमस्कार. (किती वाकता येतं ते विचारू नकोस. कमरेत उसण भरली आहे आणि तिचं कारण याच पत्रात पुढे येणार आहे.) तुझी तब्येत बरी असेल. दाजींचा गुडघा जिना चढताना अजून वाजतो का, ते कळव. इकडे सगळे ठीक आहेत. म्हणजे सासूबाई उत्तम आहेत, ही बरी आहे, तुझी भाची माझ्याशी पुन्हा बोलायला लागली आहे आणि मी कमरेखाली गरम पाण्याची पिशवी घेऊन आडवा पडल्या पडल्या हे लिहितो आहे. अक्षर उताराला लागलेलं दिसलं, तर दोष पिशवीचा समज.

तू फोनवर विचारलं होतंस, की दाजींना आता दुकान बंद केल्यावर वेळ जात नाही, तर त्यांच्यासाठी टीव्हीवरचा तो गेम घ्यावा का, आणि बटणं दाबून खेळण्यापेक्षा रिमोट हातात धरून नुसता हलवून खेळायचा गेम म्हाताऱ्या माणसांना सोपा जातो म्हणतात, ते खरं का. मी तेव्हा ‘सविस्तर लिहितो’ असं म्हणून फोन ठेवला. तुला वाटलं असेल, हा कामात आहे. कामात नव्हतो. ही शेजारी उभी होती, आणि या विषयावर मी तोंड उघडलं की ती आधी ओठ दाबून हसते आणि मग ओठ न दाबता हसते. त्यापेक्षा पत्र बरं. शिवाय या प्रश्नावर सध्या आपल्या अख्ख्या खानदानात माझ्याइतका अनुभव कोणाच्या गाठीशी नाही, आणि तो फुकट जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात गेमपासून झाली नाही, परीक्षेपासून झाली. तुला माहीतच आहे, तुझ्या भाचीला नोकरी लागली आहे. घरी पडून असलेल्या आजारी माणसांकडे जायचं, त्यांच्याकडून हातापायाचे व्यायाम करून घ्यायचे, आणि पुढच्या घरी जायचं. दवाखाना गाडी देणार, पण लायसन्स तिचं तिने आणायचं. ते महिनाअखेरपर्यंत आलं तर नोकरी, नाहीतर त्यांच्याकडे दुसरी मुलगी तयार आहे. आता मला सांग, जो बाप आयुष्यभर लोकांना गाडी शिकवत आला, ज्याच्या गाडीच्या टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी आहे, ज्याच्या हाताखालून निम्मं गाव लायसन्स घेऊन गेलं, त्याच्या मुलीला लायसन्सची काय काळजी? मी स्वतः तिला शिकवलं. माझ्या शेजारी बसून ती अशी सुरेख गाडी चालवायची की मी पेढीवर, म्हणजे आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या त्या एका टेबलावर, येणाऱ्या जाणाऱ्याला सांगत असे. आणि परीक्षेच्या दिवशी तिने तपासनिसाच्या गाडीने थांबायची रेघ ओलांडली, फूटपाथचा काठ ओलांडला, आणि कचेरीच्या दारातल्या फुलझाडांच्या कुंड्यांमध्ये जाऊन मगच ती गाडी थांबली.

मी त्या दिवशी काही बोललो नाही. (ही म्हणते, बोललो. ही म्हणते, शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी खिडक्या उघडल्या. पण तुला माहीत आहे, माझा आवाज मुळातच इंजिनाच्या आवाजावर चढवून बसवलेला आहे, तो घरात आल्यावर खाली उतरत नाही.) झालं एवढंच, की तुझ्या भाचीने जाहीर केलं, बाबांच्या गाडीत मी पुन्हा बसणार नाही. आणि त्यानंतर ती माझ्याशी फक्त ‘मीठ इकडे द्या’ एवढंच बोलायची. मीठ दिलं की तेही संपायचं. परीक्षा पुन्हा द्यायची तर सराव हवा, सराव हवा तर गाडीत बसायला हवं, आणि पोरगी गाडीच्या सावलीलाही उभी राहीना. ताई, माझा जीव टांगणीला लागला होता. ओळखीच्या दुसऱ्या मास्तराकडे तिला पाठवावं, तर गावभर माझं हसं. न पाठवावं, तर पोरीची नोकरी जाणार. मी रोज सकाळी गाडी पुसायचो आणि परत झाकायचो.

मधला मार्ग हिने काढला. तुझ्या भाचीकडे तो गेम आहे. गाड्यांच्या शर्यतीचा. ही म्हणाली, निदान तो तरी खेळा दोघं मिळून, एका खोलीत बसाल तरी. मी म्हटलं, ती बटणं मला जमायची नाहीत, माझी बोटं स्टीअरिंग धरायला बनली आहेत. त्यावर तुझी भाची बऱ्याच दिवसांनी मिठाशिवाय दुसरं वाक्य बोलली. म्हणाली, बटणं नकोतच, रिमोट दोन्ही हातांत आडवा धरायचा आणि स्टीअरिंगसारखा फिरवायचा, तो तिरका केला की टीव्हीतली गाडी वळते, कोणालाही जमतं. ‘कोणालाही’ हा शब्द तिने माझ्याकडे बघून उच्चारला. मग म्हणाली, रस्ता न सोडता एक फेरा पुरा करून दाखवा, मी तुमच्या गाडीत बसते. मला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. स्टीअरिंग फिरवायचं, आणि तेही मी? पोरीने पैज लावायला नेमका माझा धंदाच निवडला होता. मी बाह्या वर केल्या.

आता त्या शर्यतीचं थोडं वर्णन करतो, म्हणजे दाजींना अंदाज येईल. एका तळ्याभोवती रस्ता आहे. शर्यतीत एक अस्वल, एक बदक, एक चष्मा लावलेलं कासव आणि आपण. गाडी तळ्यात पडली तर एक बगळा येतो, चोचीत धरून गाडी बाहेर काढतो आणि पुन्हा रस्त्यावर आणून ठेवतो. बगळा स्वभावाने चांगला आहे. माझी त्याची पुढे फार ओळख झाली.

मी स्टूल घेतलं, ते मागेपुढे करून पाय नीट पोचतात का पाहिलं. मान उंच करून आरसा बघितला. (आरसा नव्हता. सासूबाई होत्या. त्यांना वाटलं मी काही विचारतो आहे, त्या म्हणाल्या, काय हो?) मग खांद्यावरून हात आणून पट्टा लावायला गेलो, तो हातात आला माझ्याच सदऱ्याचा खिसा. इतक्यात दिवा हिरवा झाला, अस्वल, बदक, कासव सुसाट सुटले, आणि मी निघण्यापूर्वी, लोकांना आयुष्यभर शिकवलं तसं, मान वळवून मागून कोणी येत नाही ना याची खात्री करून घेतली. ताई, इथेच घात झाला. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की हात वळतो, आणि हातात तो रिमोट. मी खात्री करून पुढे पाहिलं तेव्हा गाडी तळ्यात होती आणि बगळा निघाला होता.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सांगताना माझीच मला लाज वाटते. वळण आलं की मी आधी हात बाहेर काढून इशारा द्यायचो, म्हणजे रिमोट एका हातात लोंबकळायचा, आणि गाडी तळ्यात. समोर बदक आडवं आलं, मी जनावर रस्त्यात आहे म्हणून थांबलो, ते बदक शर्यतीतलं निघालं आणि मला धक्का देऊन गेलं, पुन्हा तळ्यात. मग मला तावच चढला. वळणावर मी रिमोटबरोबर सगळं अंग वळवायला लागलो, आणि एका लांबलचक वळणावर रिमोट थांबला तरी अंग थांबेना. स्टूल एकीकडे, मी दुसरीकडे. कमरेतून जो आवाज आला तो दाजींच्या गुडघ्याला ऐकवायला हवा. आणि पाय! माझा पाय तर जन्मजात ब्रेकवरच असतो. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक ब्रेक बसवलेला असतो, शिकणाऱ्याने गडबड केली तर दाबायला. पोरं मला मागे ‘ब्रेकमास्तर’ म्हणतात हे मला ठाऊक आहे. तो पाय तळं दिसलं की आपोआप पुढे जाऊन दाबला जायचा, आणि त्याच्या पुढे होती चहाची तिवई. कपबशा किती उरल्या ते हिला विचार, म्हणजे नको विचारूस.

हे सगळं चाललं असताना सासूबाई कोपऱ्यात मटार सोलत होत्या. त्यांना सायकलसुद्धा येत नाही. नातीने सहज त्यांच्या हातात रिमोट दिला. त्यांनी तो एका हातात धरला, दुसऱ्या हाताने मटार सोलणं चालूच ठेवलं, आणि पहिल्याच फटक्यात अस्वलाला मागे टाकून दुसऱ्या आल्या. पहिलं कोण आलं म्हणून विचारत होत्या, कासव म्हटल्यावर म्हणाल्या, मग असू दे. मी हात टेकले. बटणांनीही खेळून पाहिलं, नाही असं नाही. पण उजवं बटण दाबायचं ठरवलं की बोट डावं दाबून मोकळं होतं, आणि घाईत ते कुठलं बोट होतं याचाही पत्ता लागत नाही. तरी बटणांचा एक गुण मानायला हवा. त्यांना तुमच्या मानेशी, कमरेशी, वीस-पंचवीस वर्षांच्या सवयींशी काही देणंघेणं नसतं. रिमोट हलवून खेळायचं म्हणजे सगळं अंग खेळात उतरतं, आणि अंगाबरोबर अंगाला लागलेली वळणंही उतरतात.

असे काही दिवस गेले. मी हट्टाला पेटलो होतो. कामावरून आलो की हातपाय धुऊन स्टुलावर. आणि एका संध्याकाळी चमत्कार झाला. वळण आलं, मी चुकलो असं मला वाटलं, पण गाडी चुकली नाही. काठाला घासून अलगद रस्त्यावर आली. पुढच्या वळणावर तेच. मी मान वळवली तरी गाडी सरळ! बगळा त्या दिवशी आकाशात दिसलाच नाही. मी पुरा एक फेरा तळ्यात न पडता मारला, आणि कासवाच्या मागे, पण बदकाच्या पुढे, आलो. ताई, मी उठून खोलीभर फिरलो. (तेव्हा कमर दुखत नव्हती, किंवा दुखत असेल तर मला सांगत नव्हती.) जेवताना मी बोलायला लागलो ते थांबेना. सराव म्हणजे काय, चिकाटी म्हणजे काय, हातात कला असली की ती कुठल्याही यंत्रात कशी उतरते. आणि शेवटी, माझी जीभ झडो, मी तुझ्या भाचीला म्हटलं, परीक्षेच्या आधी तूही माझं असंच मन लावून ऐकलं असतंस तर कुंड्या वाचल्या असत्या.

तिने घास खाली ठेवला. उठली, टीव्ही लावला, कुठलीतरी दोन बटणं दाबली आणि रिमोट माझ्या हातात दिला. म्हणाली, आता चालवा. मी उष्ट्या हातानेच चालवायला घेतली. पहिल्याच वळणावर तळं. बगळा. पुन्हा वळण, पुन्हा बगळा. मी म्हटलं, बिघडलं हे. तेव्हा तिने दाखवलं, माझ्या गाडीच्या मागे एक छोटंसं पिवळं निशाण लावलेलं होतं ते आता दिसत नव्हतं. मी ते शोभेचं समजत होतो. ते निशाण असलं की गेमच आपली गाडी सांभाळतो. काठ आला की ओढून घेतो, वेग जास्त झाला की कमी करतो. अगदी लहान मुलांसाठी ती सोय असते. माझी दया येऊन हिच्या सांगण्यावरून तुझ्या भाचीने ती मला न सांगता चालू केली होती.

मी चिडलो. म्हटलं, म्हणजे मी चालवलीच नाही? आणि हे मला सांगायचं नाही? मला वाटत होतं, मलाच जमतंय!

ती माझ्याकडे बघत म्हणाली, ‘बाबा, माझं परीक्षेत हेच झालं. तुमच्या गाडीत वळण यायच्या आधीच वेग कमी व्हायचा. रेघ आली की गाडी थांबायची. मला वाटायचं, मीच थांबवतेय. त्या दिवशी मी तशीच थांबायची वाट बघत राहिले.’

पुढे जेवण मला गेलं नाही. मी माझ्या पायाकडे बघत बसलो. मुकाट टेबलाखाली पडला होता, जणू त्याचा काही संबंधच नाही. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, ताई. मी तिला घाबरून ब्रेक दाबत होतो असं नाही, तिला काही होऊ नये म्हणून दाबत होतो. आणि इतकी वर्षं दाबत आलो, की मी दाबतो आहे हे माझ्याही लक्षात यायचं थांबलं होतं. मी तिला म्हटलं, निशाण काढूनच ठेव.

मग मी निशाणाशिवाय खेळलो. बगळ्याचे हाल झाले. पण शेवटी एक फेरा रस्ता न सोडता पुरा केला. सगळ्यांच्या मागून, शर्यत संपल्याचे फटाके वाजून गेल्यावर, अस्वल घरी जाऊन झोपलं असेल अशा वेळी मी पोचलो. तुझी भाची टाळ्या वाजवत होती. सासूबाईही वाजवत होत्या, त्यांना वाटलं मी जिंकलो.

आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ती आमच्या गाडीत बसली. बंद पडलेल्या कारखान्यामागचं मोकळं मैदान आहे, तिथे गेलो. तिथवर मी चालवत नेली, तिथे जागा बदलली, आणि मग मी चपला काढल्या, मागच्या सीटवर टाकल्या, आणि शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालून बसलो. कमर ओरडत होती, पण पाय अंगाखाली गेले, ब्रेकपासून लांब. मैदानाच्या टोकाला एक गंजकं पिंप आहे. तिने गाडी थेट त्याच्या रोखाने काढली. मी बोललो नाही. इंजिनाच्या वर नाही आणि खालीही नाही. पिंप मोठं मोठं होत गेलं. आणि तिने ब्रेक दाबला. स्वतः. गाडी पिंपापासून हातभर अंतरावर थांबली, हे मी या दोन डोळ्यांनी पाहिलं.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. रिमोट हलवून खेळणं ज्याला काहीच येत नाही त्याला सोपं, आणि ज्याला फार येतं त्याला महाकठीण. दाजींनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यांचा हात केसभर हलतो तोही विचार करून. त्यांची गाडी हलायचीच नाही. त्यांना बटणं घे. ते पिवळं निशाण सुरुवातीला असू दे, पण ते लावलं आहे हे त्यांना आधी सांग. दाजींना नमस्कार, गुडघ्याला वेगळा नमस्कार. मला काही नको, फक्त तुमची खुशाली कळव.

तुझा,
बगळ्याच्या ओळखीतला धाकटा भाऊ

ता. क. मला काही नको असं वर लिहिलं आहे, ते पत्राच्या ओघात. त्या दिवशी आणखी दोनदा पिंपाकडे गेलो. दुसऱ्या वेळी माझा एक पाय अंगाखालून केव्हा निसटला आणि त्याने ब्रेक केव्हा दाबला ते मला कळलंच नाही. तुझ्या भाचीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. पायाला मुंग्या आल्या असं मी सांगितलं. खरी गोष्ट अशी, की या पायाचा भरवसा उरलेला नाही. तुमची जुनी गाडी दारात झाकून उभी असते. तिला शेजारी ब्रेक नाही. परीक्षा होईपर्यंत ती देशील का? आणि जमलं तर तूही ये. शेजारी तू बस. तू भरधाव गाडीतही स्वेटर विणत बसतेस, हूं की चूं करत नाहीस. मी घरी थांबेन. पोरीची नोकरी माझ्या पायापायी जायला नको. मला यात काही वाईट वाटणार नाही. (वाटेल. पण ते असू दे.)

ता. क. दुसरा. आत्या, हे मी लिहितेय. बाबांनी पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि मी आधी वाचलं. गाडी नक्की दे. तूही ये, पण मागे बसून वीण. शेजारी मला बाबाच हवेत. मी पिंपाकडे गाडी नेली तेव्हा त्यांनी मांडी इतकी आवळली होती की गुडघ्यांवर बोटांचे वळ उठले, पण पाय सोडला नाही. तसा शेजारी मला दुसरा मिळायचा नाही. फक्त त्यांनी ‘दोन डोळ्यांनी पाहिलं’ असं लिहिलंय, तिथे दुरुस्ती कर. डोळे गच्च मिटले होते. गाडी थांबल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, ‘थांबली का गं?’

ता. क. तिसरा. वरचा मजकूर मी आत्ता वाचला. पोरगी वाढवून सांगते. एकच डोळा मिटला होता. गाडी लवकर पाठव.